वंश, नासिकांक आणि जात : एका वसाहतकालीन सिद्धान्ताला मिळालेल्या तीन उत्तरांची चिकित्सा

मराठीत ‘अँथ्रोपॉलॉजी’ या ज्ञानशाखेसाठी दीर्घकाळ ‘मानववंशशास्त्र’ हा शब्द रूढ होता. अलीकडे ‘मानवशास्त्र’ हा शब्द स्थिरावला असला तरी जुन्या ग्रंथनामांत आणि वृत्तपत्रीय लेखनात पहिला शब्द आजही आढळतो. मूळ ग्रीक शब्दात वंशाचा उल्लेख कोठेही नाही. मानव आणि त्याविषयीचे ज्ञान एवढाच त्याचा अर्थ. भाषांतर करताना मराठी विद्वानांनी ‘वंश’ आपल्या पदरचा घातला आणि त्यायोगे जे सिद्ध व्हावयाचे होते ते शास्त्राच्या नावातच गृहीत धरले गेले. वास्तविक मराठीतील जुना ‘वंश’ निराळा आहे. सूर्यवंश, वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश या शब्दांत पिढ्यांची सलग साखळी अभिप्रेत आहे, वेळूच्या पेरांसारखी. कवटीचा आकार, नाकाची ठेवण, त्वचेचा रंग यांचा त्या अर्थाशी संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात ‘रेस’ या इंग्रजी संज्ञेचा भार या शब्दावर पडला आणि कुळाची साखळी ही शरीराची जात झाली.

हा अर्थभ्रंश केवळ कोशकारांच्या चिंतेचा विषय नाही. भारतीय समाजाचे, विशेषतः जातिसंस्थेचे, आकलन या शब्दाच्या नव्या अर्थाने दीर्घकाळ नियंत्रित केले. उच्च जाती म्हणजे आर्य वंश, कनिष्ठ जाती म्हणजे अनार्य वंश, आणि जातिव्यवस्था म्हणजे या दोन वंशांच्या संघर्षाचा गोठलेला अवशेष, ही मांडणी समाजशास्त्राच्या अनेक क्रमिक पुस्तकांत कमीअधिक प्रमाणात वावरत आली आहे. बिरजाशंकर गुहा यांनी १९३१ च्या जनगणनेच्या निमित्ताने केलेले भारतीय लोकसंख्येचे निग्रिटो, प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड, मंगोलॉइड, भूमध्यसागरीय, पश्चिमी रुंदशीर्ष व नॉर्डिक हे सहा प्रकारांचे वर्गीकरण विद्यार्थ्यांनी पाठ करावे आणि प्राध्यापकांनी त्याला गुण द्यावेत, ही प्रथा ज्या काळात चालू राहिली त्याच काळात जगभरातील जीवशास्त्रज्ञांनी ‘वंश’ ही वर्गवारी मोडीत काढली होती. म्हणूनच या वर्गवारीला महाराष्ट्रातील तीन अभ्यासकांनी कसकशी उत्तरे दिली आणि ती कोठवर पुरली, याची तपासणी करणे उपयुक्त ठरते.

आरंभ हर्बर्ट होप रिस्ले याच्यापासून करावा लागतो. सनदी सेवेतील या अधिकाऱ्याने बंगालमधील जाती-जमातींची शरीरमापने केली, १८९१ मध्ये त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त म्हणून आपल्या सिद्धान्ताला शासकीय अधिष्ठान मिळवून दिले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा त्याचा ग्रंथ १९०८ चा. त्याचे प्रमुख साधन होते नासिकांक, म्हणजे नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणल्यावर येणारी संख्या. सत्तरच्या खाली आली तर नाक अरुंद, पंच्याऐंशीच्या वर गेली तर रुंद, मधली मध्यम. एखाद्या प्रांतातील जाती सरासरी नासिकांकाच्या चढत्या क्रमाने मांडल्या तर तोच क्रम सामाजिक प्रतिष्ठेच्या उतरंडीचा असतो, असा नियमच त्याने सांगितला. ज्याचे नाक रुंद त्याचे स्थान खालचे.

या नियमाचे आकर्षण त्याच्या साधेपणात होते. धर्मशास्त्र, व्यवसाय, जमीनधारणा, राजसत्ता या कशाचाही विचार न करता कॅलिपर नावाच्या मोजपट्टीने जातीचा उगम सांगता येत होता. परंतु रिस्लेच्या स्वतःच्या मांडणीतच त्याला तडे होते. त्याने भारतीय लोकसंख्येचे सात प्रकार कल्पिले. त्यांपैकी ‘शक-द्रविड’ या प्रकारात त्याने मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कूर्ग येथील लोक यांना एकत्र घातले. उतरंडीवर एकमेकांपासून इतके दूर असलेले ब्राह्मण व कुणबी एकाच प्रकारात येत असतील तर वंश आणि दर्जा यांचा अन्वय महाराष्ट्रापुरता तरी तुटतो. रुंद डोक्यांचे स्पष्टीकरण देण्यासाठी त्याने शकांना पाचारण केले. नाशिकच्या लेण्यांतील नहपानकालीन शिलालेख शक क्षत्रपांच्या सत्तेची साक्ष देतात हे खरे. पण एखाद्या राजघराण्याची सत्ता येणे आणि सबंध प्रदेशाची लोकसंख्या बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रिस्लेने हा भेद फारसा पाळलेला दिसत नाही.

मूळ साधनाविषयीही शंका लवकरच उपस्थित झाल्या. आर्थर थॉमसन व डडली बक्स्टन यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की नासिकांकाचे तापमान व हवेतील आर्द्रता यांच्याशी निकटचे नाते आहे. थंड व कोरड्या हवेत नाक अरुंद, उष्ण व दमट हवेत रुंद. म्हणजे रिस्ले ज्याला वंशाची खूण समजत होता ती बऱ्याच अंशी हवामानाची खूण होती. त्याआधी फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थलांतर केलेल्या युरोपीय कुटुंबांच्या अभ्यासातून, अढळ मानल्या गेलेल्या कवटीच्या मापातही एका पिढीत फरक पडतो असा निष्कर्ष १९१० च्या सुमारास मांडला होता.

नाकाच्या या कथेला एक वैदिक अध्यायही आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात (५.२९.१०) दस्यूंसाठी ‘अनास्’ असे विशेषण येते. मॅक्स म्युलर याने त्याची फोड ‘अ-नास’ म्हणजे नाक नसलेले अशी केली आणि चपट्या नाकाचे मूलनिवासी ही प्रतिमा तयार झाली. सायणाचार्यांनी मात्र ‘अन्-आस’, म्हणजे मुखहीन, चांगली वाणी नसलेले, अशी फोड केलेली आहे. एकदाच आलेल्या एका शब्दाच्या संशयास्पद फोडीवर केवढी इमारत उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. टॉमस ट्राउटमन यांनी ‘आर्यन्स अँड ब्रिटिश इंडिया’ (१९९७) या ग्रंथात हा पुरावा किती तुटपुंजा आहे हे सविस्तर दाखविले; पण त्याच्या अर्धशतक आधी, १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात हीच दोन वाचने समोरासमोर ठेवून सायणाचार्यांच्या बाजूने कौल दिला होता. याची दखल संस्कृतज्ञांनी पुरेशी घेतली नाही.

महाराष्ट्रातून रिस्लेला मिळालेले पहिले पद्धतशीर उत्तर गोविंद सदाशिव घुर्ये यांचे. मालवणात जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये रिव्हर्स व हॅडन यांच्याकडे शिकलेल्या घुर्ये यांनी १९३२ मध्ये ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ प्रसिद्ध केले. त्यांनी रिस्लेचेच आकडे घेतले, प्रांतवार मांडले आणि जातींमधील अंतर दर्शविणारे निर्देशांक काढले. निष्पन्न असे झाले की गंगेच्या खोऱ्यातील हिंदुस्थान म्हणून ओळखला जाणारा प्रदेश वगळता सामाजिक प्रतिष्ठा आणि शरीरमाप यांचा मेळ बसत नाही. महाराष्ट्र, गुजरात, बंगाल येथे तर मुळीच नाही. संयुक्त प्रांतातील ब्राह्मण हा, क्षत्रियांचा अपवाद सोडल्यास, स्वतःच्या प्रांतातील इतर कोणत्याही जातीपेक्षा पंजाबातील चुहडा व खत्री यांना शरीराने अधिक जवळचा आहे, हे त्यांच्या तक्त्यातील सर्वांत बोलके निरीक्षण. चुहडा ही पंजाबातील सफाईकाम करणारी अस्पृश्य जात.

घुर्ये यांचे हे उत्तर मात्र अर्धेच म्हणावे लागेल. हिंदुस्थानापुरता अपवाद राखून त्यांनी तेथे आर्य वंशशुद्धीच्या आग्रहातून जातीचा जन्म झाला आणि मग ब्राह्मणी संस्कृतीबरोबर ती अन्यत्र पसरली, असे प्रतिपादन केले. म्हणजे वंश उगमस्थानी कायम राहिला, केवळ त्याचा प्रदेश आक्रसला. रिस्लेच्या मोजमापाची विश्वसनीयताही त्यांनी मुळातून नाकारली नाही. या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत शीर्षकातील ‘रेस’ गेला, ‘क्लास’ आणि ‘ऑक्युपेशन’ आले, आणि १९६९ मध्ये ‘रेस’ परत आला. लेखकाच्या मनातील संदिग्धतेचा इतका स्पष्ट पुरावा मुखपृष्ठावर सहसा मिळत नाही.

दुसरे उत्तर आंबेडकरांचे आणि ते अधिक मूलगामी आहे. त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे धाडस कळत नाही. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) आर्य आक्रमणाच्या सिद्धान्ताचा उलटा उपयोग केला. ब्राह्मण बाहेरून आलेले, बळीराजाची प्रजा मूळची. सबब राज्य कोणाचे आणि आगंतुक कोण, हा प्रश्न. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना हा ग्रंथ अर्पण करून त्यांनी शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि निग्रो गुलामांची स्थिती यांची सांगडही घातली. दुसऱ्या टोकाला लोकमान्य टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये (१९०३) आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे नेले. हेतू परस्परविरुद्ध, परंतु दोघांनीही पाश्चात्त्य पंडितांची आर्यकल्पना स्वीकारली होती. आंबेडकरांनी शूद्रांवरील आपला ग्रंथ फुल्यांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात फुल्यांच्या मांडणीचा पायाच नाकारला. गुरू मानलेल्या व्यक्तीविषयीचा आदर आणि तिच्या गृहीतकाशी असहमती या दोन्ही गोष्टी एका ग्रंथात नांदू शकतात, हे आजच्या अस्मितावादी वाचकांना पटणे कठीण जाते.

या भूमिकेची बीजे ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात सापडतात. गोल्डनवायझर हे बोआस यांचे शिष्य आणि बोआस त्याच विद्यापीठात अध्यापन करीत होते. आंबेडकरांनी या निबंधात म्हटले की वर्णद्वेषाच्या वातावरणात वाढलेल्या युरोपीय अभ्यासकांना जातीच्या मुळाशी रंग दिसणे स्वाभाविक आहे; भारतातील लोक वांशिक दृष्ट्या मिश्र आहेत आणि सांस्कृतिक दृष्ट्या एक. जातीचे सार अंतर्विवाहात आहे आणि तो टिकविण्यासाठी स्त्रीवर लादलेल्या बंधनांत आहे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) हाच विचार टोकदार झाला. पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चांभार एका वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण व मद्रासचा परैया एका वंशाचे. जात ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, असे त्यांनी तेथे प्रतिपादिले.

‘द अनटचेबल्स’मध्ये (१९४८) त्यांनी घुर्ये यांचे तक्ते हाती घेतले. येथील युक्तिवादाची रचना लक्षणीय आहे. मानवमिती हे वंशनिर्णयाचे विश्वसनीय शास्त्र आहे असे वादापुरते मान्य करावे. तरीही तिच्याच आकड्यांवरून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर तेही द्रविड, ब्राह्मण नाग असतील तर तेही नाग. प्रतिपक्षाचे शस्त्र त्याच्यावरच फिरविण्याची ही वकिली पद्धत आहे. आंबेडकरांचा भर घुर्ये यांच्या तक्त्यांवर आहे, निष्कर्षावर नाही.

तथापि या उत्तराचीही मर्यादा सांगितली पाहिजे. दोन जाती ‘एकाच वंशाच्या’ आहेत असे म्हणणे म्हणजे वंश नावाची वस्तू अस्तित्वात आहे हे निदान भाषेपुरते मान्य करणेच होय. ‘अ‍ॅनिहिलेशन’मध्ये जातीमुळे सुप्रजनन साधले असते तर हिंदूंची शरीरसंपदा आज अशी खुजी नसती, असाही एक युक्तिवाद येतो. तो उपरोधाने भरलेला आहे. पण सुप्रजननाची परिभाषा त्यात आहेच. वंशाच्या जुन्या कल्पनेला आव्हान देणारी युनेस्कोची निवेदने १९५० आणि १९५१ ची. त्याआधीच्या लेखकाकडून त्या परिभाषेची अपेक्षा करणे अनैतिहासिक ठरेल. महत्त्वाची गोष्ट अशी की आंबेडकरांच्या सिद्धान्ताला वंशाची गरज कोठेही पडत नाही. वंश हा शब्द त्यांच्या मांडणीतून काढून टाकला तरी अंतर्विवाहाचे विश्लेषण जसेच्या तसे उभे राहते. घुर्ये यांच्या मांडणीबाबत असे म्हणता येत नाही.

तिसरे उत्तर इरावती कर्वे यांचे. ते ग्रंथात कमी आणि कामाच्या पद्धतीत जास्त आहे. १९२७ मध्ये बर्लिन-डालेम येथे स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत त्यांनी ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. याच फिशर यांनी दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतील रेहोबोथच्या मिश्र समाजाचा अभ्यास (१९१३) करून मिश्रविवाहांना विरोध केला होता आणि १९३३ मध्ये नाझी सत्तेखाली ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीची असममितता त्यांच्या बुद्धीची निदर्शक असावी, हे फिशर यांचे गृहीतक तपासण्याचे काम या पुण्याहून आलेल्या विद्यार्थिनीकडे आले. तिने १४९ कवट्या मोजल्या आणि असममिततेचा वंशाशी संबंध आढळत नाही असा निष्कर्ष लिहून दिला. ही घटना मराठी वाचकांना फारशी ठाऊक नव्हती. ऊर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोसा यांच्या २०२४ मधील इंग्रजी चरित्रामुळे ती चर्चेत आली. ‘युगान्त’कार म्हणून गौरवल्या गेलेल्या लेखिकेच्या आयुष्यातील ही गोष्ट मराठी समीक्षेच्या नजरेआड इतकी वर्षे राहावी, याचे कारण साहित्य आणि समाजविज्ञान यांच्यात मराठी विद्यापीठांनी घातलेल्या भिंतीत शोधावे लागेल.

पुढील तीन दशके कर्वे यांनी डेक्कन कॉलेजमधून महाराष्ट्रात शरीरमापने केली. येथे एक पेच आहे. ज्या मोजपट्टीने बर्लिनमध्ये वंशवादाला नकार दिला तीच मोजपट्टी त्या जातींना लावीत राहिल्या. या मापनातून जे हाती लागले ते घुर्ये यांच्या विरोधात जाणारे होते. ब्राह्मण नावाचा एक मूळ गट फुटत जाऊन चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे असे पोटभाग झाले नाहीत. भिन्न भिन्न गट एका वर्णनामाखाली गोळा झाले, असे त्यांनी ‘हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन’मध्ये (१९६१) मांडले. कैलास मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक, नाव एक, पण शरीरे एका साच्याची नाहीत. वर्णाला जैविक आधार नाही, हे याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही.

पण वर्णाचा आधार काढताना कर्वे यांनी तो जातीला दिला की काय, असा प्रश्न उरतो. जात म्हणजे विस्तारलेला आप्तसंबंध, ही त्यांची व्याख्या. या व्याख्येत जाती शेजारी शेजारी नांदणाऱ्या दिसतात. एकीने दुसरीला विहिरीवर का येऊ दिले नाही, याचे उत्तर त्यात मिळत नाही. आंबेडकरांनी अंतर्विवाहाला बंदोबस्त मानले, कर्वे यांनी त्याला रचना मानले. फरक दृष्टीचा आहे आणि तो लहान नाही.

जनुकशास्त्राच्या प्रगतीने या वादाला नवे वळण दिले आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखविले की मानवातील आनुवंशिक वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य कोणत्याही एका स्थानिक लोकसमूहाच्या आतच असते आणि तथाकथित वंशावंशांमधील वाटा जेमतेम ६ टक्के भरतो. ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये आक्षेप घेतला की अनेक जनुकस्थानांचा एकत्रित विचार केल्यास व्यक्तीचा भौगोलिक उगम ओळखता येतो. आक्षेप तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहे. मात्र उगम ओळखता येणे आणि मानवजात स्वाभाविकपणे चार-पाच वंशांत विभागलेली असणे यांत अंतर आहे. भारताबाबत डेव्हिड राइख व सहकाऱ्यांचे २००९ चे आणि प्रिया मूर्जानी व सहकाऱ्यांचे २०१३ चे संशोधन असे सांगते की येथील बहुतेक समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले; हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात व्यापक प्रमाणात झाले आणि नंतर अंतर्विवाह कठोर झाला. उत्तरेकडील पूर्वजांचे सरासरी प्रमाण परंपरेने उच्च मानलेल्या जातींत काहीसे अधिक आढळते, हेही या संशोधनात नोंदविलेले आहे.

हा शेवटचा निष्कर्ष लपविण्याचे कारण नाही. तो रिस्लेचे पुनरुज्जीवन आहे असे काहींना वाटते. तसे म्हणता येत नाही, कारण रिस्लेला सीमारेषा हवी होती आणि येथे मिळतो तो उतार; आणि त्या उताराच्या दोन्ही टोकांवरील समूह मिश्रच आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कार्यकारणाची दिशा उलटली आहे. विवाहाचे नियम आधी कडक झाले आणि त्यांचे ओरखडे जनुकांत उमटले. काही समूहांत आढळणारे विशिष्ट आनुवंशिक विकार हा त्याच बंदोबस्ताचा वैद्यकीय परिणाम आहे. १९१६ च्या निबंधात मोजपट्टी नव्हती, जनुके तर नव्हतीच. तरी दिशा तीच होती.

या साऱ्या वादाचे व्यावहारिक मोल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे झालेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दिसून आले. जातिभेदाचा प्रश्न परिषदेपुढे यावा अशी दलित संघटनांची मागणी होती. जात म्हणजे वंश नव्हे, असे सांगून भारत सरकारने तिला विरोध केला. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनीही जातीला वंश मानणे शास्त्रीय दृष्ट्या निरर्थक असल्याचे लिहिले. विधान म्हणून ते अचूक होते; घुर्ये व आंबेडकर यांनी तेच सिद्ध केले होते. परंतु अस्पृश्यांच्या बाजूने उभारलेला युक्तिवाद येथे अस्पृश्यतेची चर्चा टाळण्यासाठी वापरला गेला. बेतेय यांच्या विवेचनातील उणीव अशी की वंशभेदविरोधी कराराला वंश ही जैविक वस्तुस्थिती असण्याची आवश्यकताच नाही. १९६५ च्या त्या कराराच्या प्रास्ताविकात वांशिक श्रेष्ठत्वाचा सिद्धान्त शास्त्रीय दृष्ट्या खोटा असल्याचे म्हटले आहे. जी गोष्ट निसर्गात नाही ती व्यवहारात भेदभाव घडविते, म्हणूनच करार झाला. ज्या अर्थाने अमेरिकेतील ‘काळा’ हा वंश समाजाने घडविला आहे त्याच अर्थाने महाराष्ट्रातील ‘महार’ ही जात समाजाने घडविली आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर हे नाव घेणाऱ्या तरुणांना नासिकांकाचा आधार लागला नव्हता.

कराराच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण, राष्ट्रीय वा मानवसमूहीय उगम यांच्या जोडीला ‘डिसेंट’ म्हणजे जन्मपरंपरा हाही आधार नमूद आहे आणि तो शब्द मसुद्यात भारताच्याच सूचनेवरून आला होता. कराराच्या देखरेख समितीने २००२ मध्ये सर्वसाधारण शिफारस क्रमांक २९ द्वारे या शब्दात जातीचा समावेश होतो असे स्पष्ट केले. इंग्रजीत ‘रेस’ आणि ‘डिसेंट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एकातून वाट बंद झाली तर दुसऱ्यातून ती काढता आली. मराठीत दोन्हींसाठी ‘वंश’ हाच शब्द वापरला जातो. जुना अर्थ घेतला तर जात त्यात येते, नवा घेतला तर येत नाही. आणि वर्गात हा विषय शिकविताना कोणता वंश अभिप्रेत आहे, हे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगत नाहीत.